फ्रिक कलेक्शन: न्यूयॉर्कमधलं एका शेठजीचं घर, आणि ते आई-बाबांना दाखवायची रीत

भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यूयॉर्कमध्ये काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एखादी उंच इमारत आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून मेट्रोपॉलिटन म्युझियम. तिथे दुसऱ्या तासाला आई मिळेल त्या बाकावर बसते, बाबा ममींच्या दालनात हरवतात, आणि परतीच्या ट्रेनमध्ये सगळे गप्प. आमच्याकडे दोन खेपांना हेच झालं. तिसऱ्या खेपेला मी त्यांना मेट्रोपॉलिटनच्या बारा रस्ते अलीकडे, फिफ्थ ॲव्हेन्यू आणि सत्तरावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर असलेल्या फ्रिक कलेक्शनमध्ये नेलं. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, “हे बरं होतं. कुणाच्या तरी घरी जाऊन आल्यासारखं वाटलं.”

ते खरोखरच एका माणसाचं घर आहे, आणि ते घर म्हणूनच पाहिलं तर कळतं. न्यू जर्सीतून एका दिवसात, वयस्कर माणसांना बरोबर घेऊन, दमछाक न होता ते कसं पाहायचं ते इथे लिहिते आहे. एकटे जाणार असाल तर डब्याचा आणि बसचा भाग गाळून वाचा.

आधी घरमालकाची ओळख

ही ओळख तिकीट काढण्याच्याही आधी, घरी चहा घेताना करून द्या. तिच्याशिवाय आत गेल्यावर सोनेरी चौकटींखेरीज फारसं काही दिसत नाही.

हेन्री क्ले फ्रिक हा पेनसिल्व्हेनियाचा माणूस, जन्म १८४९चा. दगडी कोळशापासून कोक बनवायच्या भट्ट्यांवर त्याने पैसा केला. पोलाद करायला कोक लागतो, म्हणून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने त्याला भागीदार करून घेतलं. १८९२ मध्ये पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड कारखान्यात कामगार आणि कंपनी यांच्यात जुंपली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, कारभार फ्रिकच्या हातात. त्याने कारखान्याला टाळं लावलं आणि पिंकर्टन कंपनीचे तीनशे बंदूकधारी नदीतून पडावांनी आणवले. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, आणि शेवटी कामगारांची संघटना मोडली. त्याच महिन्यात अलेक्झांडर बर्कमन नावाच्या तरुण अराजकवाद्याने फ्रिकच्या ऑफिसात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्याला भोसकलंही. फ्रिक वाचला.

आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप त्यांनी पाहिला आणि त्यातून ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यामुळे होमस्टेडची गोष्ट सांगितल्यावर बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे त्या पैशांची चित्रं आहेत ही.” हो, त्याच पैशांची आहेत. ते लपवून ठेवू नका. मला तर वाटतं, हे माहीत असलेला माणूस तिथली चित्रं जास्त निरखून बघतो.

दुसरी बाजूही सांगा. १८९१ मध्ये फ्रिकची मुलगी मार्था सहाव्या वाढदिवसाच्या थोडी आधी गेली. पुढच्याच वर्षी, त्या हल्ल्यानंतर काही दिवसांत, तान्हा मुलगाही गेला. पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काही सापडेल. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या आयुष्यभर गोळा केल्या आणि संग्रहाला लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. केळकर आणि फ्रिक यांच्या खिशांत जमीन-अस्मानाचा फरक, पण एका माणसाने एका आवडीपायी गोळा केलेल्या वस्तू सरकारी संग्रहालयातल्या वस्तूंपेक्षा वेगळ्या बोलतात, हे दोन्हीकडे कळतं.

फ्रिकने हे घर १९१३-१४ मध्ये बांधून घेतलं, वास्तुविशारद थॉमस हेस्टिंग्स. आपल्यानंतर घर आणि चित्रं लोकांना पाहायला मिळावीत असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं आणि १९१९ मध्ये तो वारला. म्हणजे एवढ्या घरात राहिला जेमतेम पाच वर्षं. बायको ॲडिलेड १९३१ पर्यंत तिथेच राहत होती. त्यानंतर घरात फेरफार करून डिसेंबर १९३५ मध्ये ते सगळ्यांसाठी उघडलं. मधल्या काळात मोठी डागडुजी झाली. काही वर्षं चित्रं जवळच्याच दुसऱ्या इमारतीत मांडली होती. एप्रिल २०२५ मध्ये घर पुन्हा उघडलं, आणि घरच्या मंडळींचा वरचा मजला पहिल्यांदाच लोकांसाठी खुला झाला. २०२० च्या आधी पाहिलेल्यांनीही पुन्हा जायला हरकत नाही.

तिकीट, आणि दहा वर्षांचा नियम

तिकीट त्यांच्या संकेतस्थळावरून, वेळ ठरवून काढायचं. दारात जाऊनही कधी कधी मिळतं, पण म्हाताऱ्या माणसांना तेवढं लांब आणून ‘आज संपली’ ऐकायची वेळ येऊ देऊ नका. वार आणि वेळा बदलत असतात, तेव्हा तिकीट काढतानाच त्या दिवशी उघडं आहे ना ते बघा.

पुन्हा उघडलं तेव्हा मोठ्यांचं तिकीट ३० डॉलर आणि ज्येष्ठांचं २२ डॉलर होतं. ज्येष्ठ म्हणजे ६५ आणि त्यापुढे. बाबांनी लगेच ८५ ने गुणलं आणि ‘अडीच हजार? चित्रं बघायला?’ झालं. या प्रसंगावर दोन उपाय आहेत. एक, तिकीट आधीच काढून ठेवायचं आणि किंमत सांगायची नाही. दोन, बुधवारी दुपारी ‘मनाला येईल ते द्या’ अशी सोय असते, तेव्हा जायचं. पण त्या वेळेला गर्दी होते, आणि या घराची निम्मी मजा शांततेत आहे. मी पहिला उपाय केला. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो फोनमध्ये असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दहा वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. कडेवरचं बाळही नाही. घरात जागोजागी नाजूक वस्तू उघड्यावर मांडलेल्या आहेत, त्यामुळे या नियमाला अपवाद नाही. मी एकदा सात वर्षांच्या मुलाला घेऊन दारापर्यंत गेले होते. नियम संकेतस्थळावर ठळक लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. आजी-आजोबांबरोबर नातवंडं येणारच, तेव्हा आधीच दोन तुकड्या करा. एक तुकडी आत. दुसरी समोरच्या सेंट्रल पार्कात, जिथे चौसष्टाव्या रस्त्याजवळ छोटं प्राणिसंग्रहालय आहे आणि बहात्तराव्या रस्त्याच्या थोडं वर खेळण्यातल्या शिडाच्या होड्यांचं तळं आहे. दोन तासांनी अदलाबदल करायची असेल तर दोन वेगळ्या वेळांची तिकिटं काढा.

घरी करायचा अभ्यास: अर्धा तास, त्याहून जास्त नको

आत चित्रांशेजारी मोठे माहितीफलक नाहीत. चौकटीवर छोटी पट्टी, तिच्यावर चित्रकाराचं नाव, आणि संपलं. घरात चित्र लावल्यावर खाली कोण परिच्छेद लिहितं? पण त्यामुळे तयारीशिवाय गेलेला माणूस गोंधळतो. ‘ब्लूमबर्ग कनेक्ट्स’ नावाचं फुकट ॲप आहे. त्यात इथल्या चित्रांची माहिती ऐकायला मिळते, मात्र इंग्रजीतून. म्हणून मी आदल्या रात्री सात चित्रं निवडली, त्यांच्या गोष्टी आई-बाबांना मराठीत सांगितल्या आणि फोनवर चित्रंही दाखवली. प्रत्यक्ष गेल्यावर आई ती सात चित्रं ओळखीची माणसं भेटावीत तशी शोधत होती. बाकीची नुसती चालता चालता बघितली. सात पुरतात. माझी सात पुढे येतीलच, तुम्ही तुमची निवडा.

जायचं कसं

एडिसन, मेट्रोपार्क या बाजूची मंडळी न्यू जर्सी ट्रान्झिटच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडीने पेन स्टेशनला उतरतात. तिथून दोन वाटा आहेत.

भुयारी रेल्वेने जायचं तर पेन स्टेशनहून ई गाडी, लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू व त्रेपन्नाव्या रस्त्याला उतरून वरच्या दिशेची सहा नंबरची गाडी, आणि अडुसष्टाव्या रस्त्यावर हंटर कॉलेजला उतरायचं. लवकर होतं, पण गाडी बदलताना बरंच चालावं लागतं, जिने आहेत, आणि त्रेपन्नाव्या रस्त्याचा सरकता जिना पाहून आईने माझा हात जो धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही.

गुडघे कुरकुरत असतील तर मॅडिसन ॲव्हेन्यूवरून वर जाणारी बस धरा. एम-१, एम-२, एम-३, एम-४ या सगळ्या त्या रस्त्याने जातात. वेळ जास्त लागतो, पण खिडकीतून शहर दिसतं आणि पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सत्तराव्या रस्त्याच्या आसपास उतरलं की फिफ्थ ॲव्हेन्यूच्या दिशेने एक लांब ब्लॉक चालायचं. बस काय, भुयारी रेल्वे काय, क्रेडिट कार्ड किंवा फोन यंत्राला टेकवला की झालं.

दार फिफ्थ ॲव्हेन्यूवर नाही, सत्तराव्या रस्त्यावर आहे. फिफ्थ ॲव्हेन्यूच्या बाजूने फक्त हिरवळ आणि कुंपण दिसतं, आणि दार शोधत लोक घराला प्रदक्षिणा घालतात. सत्तराव्या रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळीमागे एक छोटी बाग आहे. रसेल पेज या बागरचनाकाराने १९७० च्या दशकात केलेली. तिथे फिरायचं नसतं, नुसतं बघायचं. वाढीव बांधकामासाठी ही बाग काढायचा बेत मध्यंतरी होता. लोकांनी आरडाओरडा केला आणि बाग वाचली.

दारातून आत

मोठ्या पिशव्या, छत्र्या, जाड कोट सामान ठेवायच्या खोलीत द्यायचे. डबा आणि पाण्याची बाटलीही त्या पिशवीतच राहू दे, दालनांत खाणंपिणं चालत नाही. बाबांच्या गोळ्या, चष्मा आणि फोन तेवढे खिशात काढून घ्या. नंतर परत खाली यायचा कंटाळा येतो. स्वच्छतागृहाचं काम इथेच उरकून घ्या.

फोटोंचं काय? गार्डन कोर्टासारखी एखादी जागा सोडली तर दालनांत फोटो काढायला मनाई आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बरं आहे. समोर कुणी हात उंच करून उभं नसतं. आईला मात्र हे आधी सांगून ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपच्या गटावर काय पाठवायचं ही चिंता तिला दोन तास पोखरत राहील.

गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच त्यांना लिहून विचारा.

पाहायचा क्रम

आत शिरल्याबरोबर चित्रांकडे धावू नका. घराच्या मधोमध गार्डन कोर्ट आहे: वर काचेचं छप्पर, दुहेरी खांब, झाडं, आणि मध्ये कारंजं. आपल्या वाड्याच्या चौकाची जागा इथे त्याने घेतली आहे. फ्रिक राहत होता तेव्हा ही जागा गाड्या आत यायच्या मोकळ्या अंगणाची होती. घराचं संग्रहालय करताना वास्तुविशारद जॉन रसेल पोपने ती झाकून घेतली. इथे पाच-दहा मिनिटं बसा. पाण्याचा आवाज ऐकून आईचा श्वास जाग्यावर येतो आणि प्रवासाची घाई अंगातून उतरते.

मग दक्षिणेकडचा बोळ. तिथे व्हर्मेअर शोधा. योहानेस व्हर्मेअर हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. जगात त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं आहेतच पस्तिसेक. त्यातली तीन या घरात आणि पाच मेट्रोपॉलिटनमध्ये. म्हणजे अर्ध्या-पाऊण मैलाच्या अंतरात आठ. बोळातल्या एका चित्रात खिडकीपाशी एक मुलगी हसते आहे, हातात पेला. समोर लाल अंगरख्यातला शिपाईगडी, पाठमोरा, डोक्यावर ताटाएवढी काळी टोपी. तो इतका पुढे आणि इतका मोठा काढलाय की आपणच त्याच्या खांद्याआडून बघतोय असं वाटतं. मागच्या भिंतीवर हॉलंडचा नकाशा आहे, आणि त्यात जमीन निळी रंगवली आहे. बाबा टपाल खात्यात होते, नकाशा दिसला की थांबतात. बराच वेळ बघून म्हणाले, “याने जमिनीला पाण्याचा रंग दिलाय गं.” मी ते चित्र चार वेळा पाहिलं होतं, मला कधी दिसलं नव्हतं.

तिथून दिवाणखाना, त्यांच्या भाषेत लिव्हिंग हॉल. या घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली. सगळा वेळ इथेच गेला तरी चालेल.

शेकोटीच्या वर एल ग्रेकोचा संत जेरोम आहे, लांब पांढरी दाढी, लाल वस्त्र. त्याच्या डावीकडे सर थॉमस मोर, उजवीकडे थॉमस क्रॉमवेल. दोन्ही चित्रं हान्स होल्बाइनची, मोरचं १५२७ चं आणि क्रॉमवेलचं त्यानंतर पाचेक वर्षांतलं. दोघेही इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातले. राजाला चर्चचा प्रमुख मानायला मोरने नकार दिला, आणि १५३५ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं. त्याला तिथपर्यंत पोचवण्यात क्रॉमवेलचा हात होता. पाच वर्षांनी, १५४० मध्ये, त्याच राजाने क्रॉमवेललाही तीच शिक्षा दिली. फ्रिकने या दोघांना शेकोटीच्या दोन बाजूंना टांगलं, आणि ते आजही एकमेकांच्या दिशेला तोंड करून बसलेले आहेत. मोरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. गालावर दोन दिवसांचे दाढीचे खुंट दिसतील, एकेक केस सुटा. बाह्यांवरचं लाल मखमल असं की हात फिरवला तर लव वळेल. क्रॉमवेल मात्र मुठीत कागद आवळून, ओठ मिटून, कुणाचं तरी प्रकरण मिटवायच्या तयारीत बसलाय. बाबा म्हणाले, “डावीकडचा वकील वाटतो, उजवीकडचा वसुली अधिकारी.” क्रॉमवेलकडे तेव्हा राजाच्या जडजवाहिराचा कारभार होता, आणि मोर खरोखरच कायद्याचा माणूस.

आता पाठ फिरवा. समोरच्या भिंतीवर जोव्हान्नी बेल्लिनीचा संत फ्रान्सिस आहे, १४७० च्या दशकातला. डोंगरातल्या कपारीपाशी अनवाणी संन्यासी, दोन्ही हात किंचित उघडे, मान वर, अंगावर ऊन. त्याच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्या तो क्षण, असं सहसा सांगतात. पण देवदूत नाही, आकाशातून उतरणारे किरण नाहीत. नुसती सकाळ आहे. या चित्रापाशी आईला एक खेळ द्या. संताने काढून ठेवलेल्या सपाता कुठे आहेत? मागे मेजापाशी. गाढव? मधल्या माळावर, कान टवकारून. त्याच्याजवळचा बगळा? आणि ससा? ससा अवघड आहे. संताच्या उजव्या हाताजवळ, दगडी भिंतीच्या फटीतून डोकं काढून तो बघतोय. आईला तो सापडायला दहा मिनिटं लागली, आणि सापडल्यावर तिने शेजारच्या अनोळखी अमेरिकन बाईंना खुणेने दाखवला. त्या बाईंनी मग आपल्या नवऱ्याला बोलावलं. इथला पहारेकरी हे रोज बघत असणार, पण तोही हसला.

फ्रागोनार या फ्रेंच चित्रकाराची खोली तिथून जवळच. प्रेमाचे टप्पे रंगवलेली मोठमोठी चित्रं, गुलाब, कारंजी, पळणाऱ्या मुली. फ्रान्सच्या पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम दू बारी हिने ती मागवली होती, आणि तिने ती परत पाठवली. माझ्या चवीला ही खोली फार गोड आहे, मी दोन मिनिटांत बाहेर पडते. आईला आवडली.

पश्चिमेचं लांब दालन शेवटी ठेवा. हिरव्या मखमलीच्या भिंती, वरून येणारा उजेड, टर्नरची बंदरांची दोन मोठी चित्रं, व्हेरोनेजेची चित्रं. फ्रिक रात्री एकटा इथे येऊन बसायचा असं सांगतात. यातलं एकच चित्र पाहायचं ठरवा: रेम्ब्रांटने १६५८ मध्ये काढलेलं स्वतःचं चित्र. त्याच्या दोन वर्षं आधी रेम्ब्रांटचं दिवाळं वाजलं होतं आणि या सुमारास त्याचं राहतं घरही विकलं गेलं. चित्रात मात्र तो सोनेरी अंगरखा घालून, हातात मुठीची काठी घेऊन, सिंहासनावर बसल्यासारखा बसला आहे. आधी लांबून बघा, राजा दिसतो. मग पुढे जा आणि चेहरा बघा: फुगलेलं नाक, डोळ्यांखाली पिशव्या, थकलेली कातडी. मग हात बघा. ते नीट पुरे केलेलेच नाहीत, जाड रंगाचे फराटे आहेत, तरी दोन्ही हात जड वाटतात. याच दालनात व्हर्मेअरचं तिसरं चित्र असतं, पिवळं जाकीट घातलेली मालकीण आणि चिठ्ठी घेऊन आलेली दासी. ते फ्रिकने १९१९ मध्ये घेतलं. त्याची ती शेवटची खरेदी.

आता वर. जिन्याच्या टप्प्यावर भला मोठा ऑर्गन आहे, घरात पाहुणे आले की वाजवायला ठेवलेला. वरच्या खोल्या छोट्या, छतं खालीच, आणि इथे घर सगळ्यात जास्त घर वाटतं. फ्रिकच्या बायकोची बसायची खोली तिच्या मूळ जागी परत मांडली आहे. भिंतींवर बूशेची चित्रं: छोटी मुलं मोठ्यांची कामं करताना. कुणी मासे धरतंय, कुणी आकाशातले तारे बघतंय, कुणी घराचा आराखडा करतंय. नातवंडं बाहेर बागेत असलेल्या आजी-आजोबांना ही खोली सोडवत नाही.

आणि अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं ‘कोंतेस दोसोनव्हील’ सोडू नका. कुठे लावलंय ते दालनातल्या कुणालाही विचारा, सगळे ओळखतात. निळ्या रेशमी पोशाखातली तरुण बाई, हनुवटीला बोट लावून. मागच्या आरशात तिची मान आणि केसांतली लाल फीत. आईने आधी त्या रेशमाची तारीफ केली, मग बराच वेळ बघून म्हणाली, “हिचा उजवा हात कुठून निघालाय?” बरोबर प्रश्न आहे. तो खांद्यातून निघाल्यासारखा वाटत नाही, बरगडीतून निघाल्यासारखा वाटतो. अँग्रला रेषा सुंदर हवी होती, हाडांचं त्याला फार पडलेलं नव्हतं.

कधी थांबायचं

दोन तास झाले की थांबा, मग एखादी खोली राहिली तरी चालेल. थकलेल्या माणसाला शेवटचं दालन पहिल्या दालनाचा आनंदही विसरायला लावतं. वर एक उपाहारगृह आहे, पण तिथे रांग असते आणि दर त्या वस्तीला साजेसे आहेत. आम्ही पिशव्या घेतल्या, रस्ता ओलांडला आणि सेंट्रल पार्काच्या भिंतीलगतच्या बाकावर डबा उघडला. मेथीचे ठेपले, लिंबाचं लोणचं, थर्मासातला चहा. या वेळी मघाची दुसरी तुकडीही येऊन मिळते.

बाहेर पडण्याआधी दुकानात मात्र जा. फोटो काढता आलेले नसतात, त्यामुळे पोस्टकार्डं घ्या, ती स्वस्त असतात. आईने सशासाठी बेल्लिनी घेतला. बाबांनी क्रॉमवेलची दोन घेतली.

परतीची बस फिफ्थ ॲव्हेन्यूवरून खाली जाते, घराच्या अगदी समोरून. संध्याकाळी चारच्या आत पेन स्टेशनला पोचलात तर ऑफिस सुटायच्या गर्दीआधी ट्रेनमध्ये शेजारी शेजारी बसायला जागा मिळते. आम्हाला मिळाली. बाबांनी ट्रेनमध्येच एका क्रॉमवेलच्या पाठीवर पुण्यातल्या मित्राचा पत्ता लिहायला घेतला आणि मजकुरात पहिली ओळ लिहिली: ‘हा मनुष्य मला आपल्या जुन्या पोस्टमास्तरांसारखा दिसतो.’